राईतलं कटर मशीन

ती तक्रार आठवली की आजही हसू आवरत नाही. पाटण तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. एक लाकूड ठेकेदार तावातावाने आला. त्याचं झाडं कापायचं कटर मशीन देवराईतून, म्हणजे देवाच्या नावानं राखलेल्या रानातून, चोरीला गेलं होतं. मजूर जेवायला बसले तेवढ्यात कुणीतरी हात मारला होता. गुन्हा नोंदवला. दुपारपर्यंत बीट हवालदारानं खबर आणली, "साहेब, मशीन गावातच आहे."

चावडीत एकेकाला बोलावलं. पहिलाच म्हणाला, "म्याच न्हेलं." दुसराही तेच म्हणाला. सरपंचांनीही कबुली दिली. काठी टेकत आलेल्या एका म्हातारीनं तर हातच पुढं केले. "घाला बेड्या. म्याच चोरलं."

"आजी, ते तुम्हाला उचलेल का?"

"देवाचं काम म्हनल्यावर उचलतंय की!"

नोकरीत कबुलीसाठी घसा कोरडा केला होता. इथं कबुल्या आवरेनात. शेवटी विचारलं, "ठेवलंय कुठं?" सगळे एका सुरात म्हणाले, "देवापाशी."

पंच, ठेकेदार, त्याचा ड्रायव्हर आणि एक मजूर यांना घेऊन राईत गेलो; म्हातारीसकट गावही मागोमाग आलं. सगळ्यांनी चपला काढल्या, मीही बूट काढले. आजूबाजूच्या डोंगरांवर औषधालाही न उरलेले हिरडे, जांभळी, मांडीएवढ्या जाड वेली इथं दाटीनं उभ्या होत्या. मधोमध देवाचा तांदळा, म्हणजे देव म्हणून पुजलेला अनघड दगड, आणि त्याच्यापुढं हळदकुंकू लावलेलं, हार घातलेलं कटर मशीन!

"तुमचंच ना? घ्या," मी ठेकेदाराला म्हणालो.

म्हातारी शांतपणे म्हणाली, "न्या की. आमी हितली वाळकी काडीबी न्हेत न्हाई. तुमचं तुमी बगा."

ठेकेदारानं ड्रायव्हरला खुणावलं. ड्रायव्हरनं मजुराकडं पाहिलं. मजूर झाडाआड गेला. मी हवालदाराकडं पाहिलं.

"साहेब, हात लावला असता," तो पुटपुटला, "पण माझी सासुरवाडी हीच हाय."

मग मी ठेकेदाराला वृक्षतोडीचा परवाना मागितला. त्यानं खिसे चाचपले, घाम पुसला. परवाना नव्हताच. थोड्या वेळानं त्यानं लेखी जबाब दिला: मशीन चोरीस गेलेले नसून मी ते राजीखुशीने देवास वाहिले आहे.

म्हातारीनं त्याला प्रसादाचं खोबरं दिलं. त्यानं ते मुकाट्यानं खाल्लं.

बंदोबस्त म्हणजे गणवेश आणि काठी, असं मी नव्या भरतीला शिकवत आलो होतो. पण त्या रानाला ना कुंपण होतं, ना पहारेकरी. कुणा एकट्याच्या मालकीचं नसलेलं रान सगळं गाव मिळून इतकं जपू शकतं, हे मला तिथं कळलं. तेव्हापासून कुठल्याही गावात बदली झाली, की मी आधी विचारत असे, "तुमची राई कुठं आहे?"