गंगाधरच्या शिव्यांवर पळालेली मॅरेथॉन

गंगाधर बोरकुटे जन्मात कधी धावला नाही. सुटती गाडी पकडायलाही नाही. पुढची येईलच, असं म्हणून तो फलाटावर निवांत चहा मागवायचा. तरीही गुढ़ियारीतल्या कुठल्याही जुन्या रेल्वेवाल्याला विचारा की त्या काळचे मॅरेथॉनचे तगडे गडी कोण, तर दुसरं नाव गंगाधरचंच निघतं. पहिलं अर्थात इंद्रजीत दळवीचं. आणि गंगाधरचे किस्से सांगण्याआधी सांगणारा आजूबाजूला बायका-पोरं नाहीत ना, ते बघून घेतो.

गंगाधर होता सायकलवाला. तेव्हा मनगटावरची घड्याळं बोलत नव्हती, की वाटेत टेबलं मांडून कुणी पाण्याचे पेले हातात देत नव्हतं. लांब पल्ल्याचा सराव म्हणजे एक धावणारा आणि त्याच्या बाजूनं सायकल हाणणारा एक. हँडलला मीठ-लिंबाच्या पाण्याची किटली, खिशात गुळाचे खडे आणि तोंडात शिव्या. किटली आणि गूळ कुणीही नेला असता. शिव्यांसाठी मात्र गंगाधरच लागायचा.

त्याला या कामावर लावलं ते मास्तरांनी, म्हणजे रेल्वेच्या पोरांना धावायला शिकवणाऱ्या वस्तादांनी. मालधक्क्यावरची ड्यूटी संपली की गंगाधर मैदानाच्या भिंतीवर बसून धावणाऱ्यांची टर उडवायचा. एकदा मास्तरांच्या लक्षात आलं, की भिंतीजवळून जाताना इंद्रजीतचा वेग आपोआप वाढतो. इंद्रजीतचं घराणं भोसल्यांच्या राज्यात इकडे हिंदी मुलखात आलेलं; तो नाकीडोळी नीटस, लाजाळू. घरात सगळा अहो-जाहोचा कारभार. त्याचं कौतुक केलं की तो सैल पडायचा, कुणी टोचलं की कान लाल करून सुसाट सुटायचा. मास्तर गंगाधरला म्हणाले, "इथं बसून फुकट बडबडतो, ते रस्त्यावर बडबड. सायकल मी देतो."

मास्तरांचे नियम दोनच होते. एक शिवी दुसऱ्यांदा वापरायची नाही. आणि 'शाबाश' म्हणायचं ते धावणं पुरतं संपल्यावर, सायकल स्टँडवर लावल्यानंतर. आधी चुकूनही नाही. मास्तरांच्या मते शाबाश म्हणजे ब्रेक होता, आणि उतारावरसुद्धा विनाकारण ब्रेक दाबणारा माणूस त्यांना आवडत नसे.

मग दर रविवारी पहाटे ही जोडी निघायची. धमतरीकडे जाणाऱ्या छोट्या रेल्वेच्या कडेकडेनं थेट अभनपूरपर्यंत.

"काहून बे, पायाले रव्याचे लाडू बांधले का तुह्या?" अशा एखाद्या शिवीनं सुरुवात व्हायची. थोडं पुढं गेलं की, "ते पाह्य, ते म्हातारी गवताचा भारा घेऊन तुह्या पुढं चालली! तिले म्हण, मावशी, मले बी भाऱ्यावर बसव!" ऊन चढलं की शिव्याही चढायच्या. आई-बहीण मात्र गंगाधरनं कधी काढली नाही. ते आळशी माणसाचं काम, असं त्याचं स्वच्छ मत होतं. तो दुपारभर धक्क्यावर पोती मोजता मोजता नव्या शिव्या जुळवायचा, आणि पोती हमखास चुकायची. छोटी रेल्वे बाजूनं जाऊ लागली की दारात लटकलेले लोक कान टवकारायचे. एखादी शिवी फारच झकास बसली तर गार्ड शिट्टी फुंकायचा. बिचाऱ्या ड्रायव्हरला वाटायचं, काहीतरी गडबड झाली.

अभनपूर आलं की सायकल स्टँडवर. "शाबाश, इंद्रजीतभाऊ," गंगाधर असा म्हणायचा की जणू सकाळपासून ओवीच गात होता. इंद्रजीत जिथल्या तिथं खाली बसायचा. मग दोघं त्याच छोट्या रेल्वेनं भुईमुगाच्या शेंगा खात परत. ह्या असल्या सरावावर इंद्रजीतनं रेल्वेच्या स्पर्धा मारल्या, आणि त्याच्या नावावर आजही जुने लोक छाती फुगवतात.

पुढं इंद्रजीत साहेब झाला, शंकर नगरात घर झालं. गंगाधरही रिटायर झाला. साहेबाच्या घरी जाताना 'बे' उंबऱ्याबाहेर ठेवावा लागतो, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. तो 'इंद्रजीतभाऊ, तुम्ही' म्हणू लागला आणि तेच जिभेला चिकटलं. त्याच्या स्वतःच्या घरात तर गोडवा नुसता ओसंडून वाहत होता. मुलगा निरंजन, सून पूर्णिमा, दोघं लाखात एक. "बाबूजी, चाय लेंगे? बाबूजी, पंखा तेज कर दूं?" बायको मीरा होती तोवर घरात दिवसाला दोन-चार तरी चकमकी झडायच्या. ती गेल्यावर गंगाधरला उलट बोलणारं कुणी उरलं नाही.

अशात एके दिवशी इंद्रजीतच्या बायकोचा, वनमालाबाईंचा फोन आला. इंद्रजीत बाथरूममध्ये घसरून पडला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं. पण गडी उठून चालायलाच तयार नाही.

"भावजी, तुम्ही या जरा," वनमालाबाई रडकुंडीला आल्या होत्या. "डॉक्टर म्हनून राहिले, आता नाही चालले तर कायमचे खाटेले लागतील. माह्यं तर ऐकतच नाहीत."

गंगाधर बॅटरीच्या रिक्षानं शंकर नगरात पोचला, तेव्हा खोलीत व्यायाम चालू होता. व्यायाम करून घ्यायला येणारी शर्मिष्ठा फार गोड पोरगी. इंद्रजीत वॉकर धरून कसाबसा उभा. त्यानं एक पाऊल टाकलं.

"शाबाश अंकल! बहुत बढ़िया!" शर्मिष्ठानं टाळ्या वाजवल्या.

इंद्रजीत खुर्चीत बसला.

पुन्हा उठवलं. पुन्हा एक पाऊल. पुन्हा शाबाश. पुन्हा इंद्रजीत खुर्चीत. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा गंगाधरनं कपाळावर हात मारला. पोरगी मन लावून ब्रेक दाबत होती! अख्खी जवानी ज्या शब्दावर हा माणूस मटकन खाली बसला, तोच शब्द त्याला पावलागणिक ऐकवला जात होता. मोठ्या इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरांना हे कसं कळावं? इंद्रजीतला स्वतःलाही कळलं नव्हतं.

"बेटी, शाबाश मत बोलो इनको," गंगाधर म्हणाला.

"अंकल, मोटिवेशन तो देना पड़ता है ना!"

"हव, देना पड़ता है. वो मैं देता हूं. तू बाहर जाके चाय पी."

तिला बाहेर घालवलं, वनमालाबाईंना स्वयंपाकघरात पिटाळलं, दार लोटून घेतलं. गंगाधरनं घसा खाकरला. आणि गंमत अशी की जिभेवर काही येईचना. इतक्या वर्षांचं तुम्ही-आम्ही आडवं आलं.

"इंद्रजीतभाऊ, तुम्ही म्हणजे अगदी... जरासे... गाढवासारखे करून राहिले," तो म्हणाला आणि स्वतःच ओशाळला. असली शिवी मास्तरांनी ऐकली असती तर सायकल काढून घेतली असती.

इंद्रजीत केविलवाणं हसला. "जाऊ दे गंगा. संपली आपली रेस."

हे ऐकून गंगाधर घाबरला. इतक्या वर्षांत हा माणूस धापा टाकत ओकला होता, रडला होता, पण संपलं असं कधी म्हणाला नव्हता. आणि त्या भीतीतूनच गंगाधरला सपाटून राग आला.

"काहून बे!" तो ओरडला. "तू कोन रे संपवनारा? अबे, अभनपूरच्या रस्त्यावर टरकवाले तुले पाहून बाजूले होत होते, आन तुले पाडलं कोनं? साबनाच्या वडीनं! त्या वडीले मेडल देऊन येतो मी! तिच्या गळ्यात हार घालतो!"

इंद्रजीतचे कान लाल झाले. वॉकर पुढं सरकला.

"असं नाही बे! हे वॉकर तुले फिरवून राहिलं का तू वॉकरले? लग्नात नवरी बी याच्याहून लवकर चालते, आन तिले तर जायाचंच नसते!"

एक पाऊल, दुसरं, तिसरं. इंद्रजीत दात-ओठ खात दाराकडं निघाला. आणि तेवढ्यात दार उघडलं. दारात वनमालाबाई. हातात झारा. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

गंगाधरच्या तोंडचं पाणी पळालं. या घरात नवऱ्याला 'अहो' शिवाय हाक मारली गेली नव्हती, आणि इथं आपण त्याला 'अबे' म्हणून चुकलो.

"लाज नाही वाटत, भावजी?" वनमालाबाई कडाडल्या. "माह्या घरात माह्याच नवऱ्याले बोलता? आन बोलायचंच होतं तर विचारून तरी बोला! साबनाची वडी नव्हती ते. पानी होतं, यांनीच सांडवलेलं. पुसा म्हटलं तर म्हने, वाळते आपोआप!"

मग त्या नवऱ्याकडं वळल्या. "आन तुम्ही हो? तुम्ही थांबले काहून? जलमभर ओला टॉवेल गादीवर टाकला तुम्ही. तो टॉवेल त्या दोरीवर टाकाले तरी चाला! देशात नाव काढलं म्हने! घरात बनियान सापडत नाही यांले!"

इंद्रजीत आ वासून बायकोकडं बघत राहिला. मग निघाला, तो थेट व्हरांड्यातल्या दोरीपाशीच थांबला. बाहेर शर्मिष्ठा चहाचा कप घेऊन उभी होती. तिच्या ओठावर शाबाश आलंच होतं. गंगाधरनं डोळे वटारले तशी तिनं हातानं तोंड दाबलं.

त्यानंतर गंगाधर रोज जाऊ लागला, पण त्याला काम उरलं नाही. वनमालाबाईंकडे साऱ्या संसाराचा साठा होता, आणि त्यातली एकही शिवी शिळी नव्हती. शिवाय त्या सगळं अहो-जाहो करून बोलायच्या, ते जास्तच झोंबायचं. "अहो, कासव तरी वळून पाहते हो, तुम्ही तर पाहत बी नाही आन चालत बी नाही!" त्यांचे गाल तरुण पोरीसारखे फुलायचे. इंद्रजीत फाटकापर्यंत जाऊ लागला, मग औषधाच्या दुकानापर्यंत. गंगाधर व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसून ऐकायचा. त्याला आनंद व्हायचा आणि जळफळाटही व्हायचा. वहिनीची एखादी शिवी ऐकून तो मनातल्या मनात म्हणायचा, ही मले काहून नाही सुचली?

एका सकाळी इंद्रजीत वॉकर घरीच ठेवून काठी घेऊन निघाला. वनमालाबाई बरोबर होत्याच. गंगाधरनं चहाची बशी तोंडाला लावली आणि पाय पुढच्या स्टुलावर टाकले. फाटकापाशी वनमालाबाई थांबल्या. त्यांनी मागं वळून त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"आन तुम्ही काय पाहुने आले का, भावजी? जलमभर सायकलच्या गादीवर बसून लोकायले पळवलं! तुमची ते सायकल बी थकली असन, पन तुमचं बूड नाही थकलं. पोट पहा, चहाची बशी ठेवाले हात लागत नाही आता. उठा! का तुमाले बी खाटेले लागायचं आहे?"

गंगाधरच्या हातातली बशी तशीच राहिली. कान गरम झाले. मीरा गेल्यापासून त्याला कुणी असं बोललं नव्हतं. घरात सगळे जपत होते, विचारत होते, आणि त्या जपण्यात आपण कधीचेच थांबलो होतो, हे त्याला आता कळलं. डोळ्यांत पाणी आलं. ते कुणाला दिसू नये म्हणून तो खाली वाकून चपला शोधत बसला, आणि त्या सापडल्यावरही थोडा वेळ शोधतच राहिला.

मग तो उठला. गुडघे करकरले. फाटकाबाहेर इंद्रजीत काठीवर भार देऊन त्याची वाट बघत उभा होता आणि हसू दाबत होता. गंगाधर पायरीपर्यंत आला, कठडा धरून थबकला आणि वनमालाबाईंना म्हणाला, "आनखी एक म्हना ना, वहिनी."