मांडी मावेल असा बाक

दोन हजार साल उलटून गेलं होतं. रत्नागिरीत आमचा सिमेंटच्या वस्तूंचा छोटा कारखाना होता. खिडकीच्या जाळ्या, कुंड्या, बाक. गिऱ्हाइकं नवरा सांभाळायचा, साचे माझ्याकडे. बंदराच्या रस्त्यावर एका मोहल्ल्याने आमचे बाक बसवून घेतले होते.

त्या मे महिन्यात आखातातून सुट्टीला आलेल्या कुटुंबांतली मुलं चाकांच्या फळ्या घेऊन आली. स्केटबोर्ड हा शब्द मी तेव्हाच शिकले. फळीसकट उडी मारायची आणि बाकाच्या कडेवरून घसरत जायचं, असा तो खेळ. कडा फुटल्या, आतल्या सळया दिसायला लागल्या. मोहल्ल्यातल्या जाणत्यांनी निरोप धाडला, पोरं ऐकत नाहीत, तुमचे बाकच उचलून न्या.

झळ बसणार होती ती एका म्हातारीला. सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत, मीही म्हणायचे. तिला दम्याचा त्रास. मशिदीपलीकडे लेकीचं घर, तिथवर एका दमात चालणं होत नसे. वाटेत बाक होता म्हणून ती रोज लेकीकडे जाऊ शकायची. बाक गेला की जाणं बंद. फळ्यांवरची निम्मी पोरं तिचीच नातवंडं, वर्षातून एकदा येणारी, त्यामुळे त्यांना ओरडायला ती तयार नव्हती.

बाक न उचलता मी त्याच्या पुढच्या कडेवर लोखंडी खुंट्या बसवल्या. स्वतः बसून पाहिलं, पाय खाली सोडून, बँकेत बसतात तसं. काही टोचलं नाही. मुलांचं घसरणं थांबलं आणि मी दुसऱ्या कामाला लागले.

आठवड्याभरात खालाने बोलावलं. बाक रिकामा होता आणि ती शेजारच्या दगडी गडग्याला टेकून उभी होती. आमच्याकडे बाकावर पाय सोडून बसतं कोण? चपला खाली, पाय वर, मांडी. खुंट्या नेमक्या मांडीखाली येत होत्या.

"पोरांना हाकललंस ते बरं केलंस, बाय," ती म्हणाली. "पण सोबत मलापण हाकललंस."

खुंट्या कापून काढल्या. फळी घसरते ती कड सरळ असते म्हणून. मग सरळ ठेवायचीच कशाला? कारखान्यामागे नळीची जुनी कौलं पडली होती, अर्धगोल. त्यांचे बेताचे तुकडे कापले, साच्याच्या पुढच्या अंगाला पोकळ बाजू आत करून ओळीने उभे लावले आणि सिमेंटचा माल ओतला. कड नागमोडी निघाली, वरची बैठक सपाट. माल ओला होता तोवरच थापीने धार मोडून घेतली. रुंदीही वीतभर वाढवली, मांडी मावायला हवी.

नवा बाक बसवल्यावर एका नातवाने उडी मारलीच. चाकं खाचेत अडकली, तो हातांवर पडला आणि फळी काखेत मारून जेटीकडे गेला.

मग खाला आली. चपला काढून मांडी घातली, दम खाल्ला. थोड्या वेळाने उठली आणि लेकीकडे गेली. उरलेले बाकही असेच करून देते, असं मी जाणत्यांना कळवलं.