कपाटाच्या दारावरचे आकडे

मिल बंद झाली त्या दिवशी बाबा सकाळी डबा घेऊन गेले आणि तो न उघडताच परत आले.

त्यानंतर काही वर्षांनी परदेशीपुऱ्याच्या मिलवस्तीतल्या आमच्या घराची कमाई एकच होती. एका कारखानदारासाठी मी यंत्राच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं करायचो, लिनक्स टाकलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर. आता त्यांना एक भाग पडद्यावर फिरवून पाहायचा होता. ते चार वाजता येणार होते. जमलं नाही तर काम पलासियातल्या एका ऑफिसला देईन, असं त्यांनी हसत हसत सांगितलं होतं.

चित्र फिरायला ग्राफिक्स कार्डाच्या कंपनीचाच ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, लागतो. सायबर कॅफेतून तो सीडीवर आणला होता. तो टाकायचा आणि सेटिंगच्या फाइलमध्ये त्याचं नाव लिहायचं, एवढंच काम. बाबा मागे येऊन उभे राहिले. मिलमध्ये ते मागांचे फिटर. मागाला हात लावण्याआधी असलेलं माप खडूनं लिहून ठेवायची त्यांची रीत. फाइलमध्ये काय बदलणार ते त्यांनी विचारलं आणि त्यातले मॉनिटरच्या वेगाचे, म्हणजे पडदा किती वेगानं रंगवायचा त्याचे, जुने आकडे कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहिले. फाइलची कॉपी ठेवतो, असं मी म्हणालो. घाईत ठेवली नाही. शिवाय, कुठेतरी वाचलं म्हणून वेगाचे आकडेही वाढवले.

पडदा काळा झाला. मॉनिटरमधून बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. सव्वातीन वाजले होते. ड्रायव्हर बिघडला असं समजून मी तो काढायला निघालो. बाबांनी मॉनिटरला कान लावला.

"स्पीड ज्यादा झालाय. बाकी काही नाही. जुन्यावर आण."

मी चित्राचा पडदा बंद करून नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर फाइल उघडली. बाबा दारावरून वाचत गेले: तीस ते चोपन्न, पन्नास ते एकशेवीस. मी टाइप केलं. शिट्टी थांबली, पडदा उजळला. नवा ड्रायव्हर चालू होता.

कारखानदार वेळेवर आले. माउस स्वतःच्या हातात घेऊन बराच वेळ तो भाग फिरवत बसले.

"भिया, ये तो घूम रिया है."

काम आमच्याकडे राहिलं. बाबा चहा ठेवायला आत गेले.

बाबांना जाऊन तीन महिने झाले. तो कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला. कपाटाच्या दारावर खडूचे चार आकडे आहेत.