मागं वळणारं रक्त

"ही तेरखेड्याची. आई फटाक्याच्या नळ्या वळते, म्हणून हिचा हात बसलाय. अर्थ मात्र हिला विचारू नका."

माझे पीएचडीचे गाइड लॅब बघायला आलेल्या पाहुण्यांना असं म्हणाले. पाहुणे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

पडद्यावर माझं काम होतं. एका रुग्णाची मानेतली, मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी. आतून चरबी साचून अरुंद झालेली. तिच्या स्कॅनच्या शेकडो चित्रांवर मी माउसनं एकेक कड आखली होती. आठ महिने. त्या कडा जोडून कॉम्प्युटरमध्ये नळी उभी केली, गणितानं तिच्यात रक्त सोडलं. कुठं वेग वाढतो, कुठं रक्त रेंगाळतं, सगळं दिसत होतं. पण पडद्याशेजारी उभा होता सरांचा भाचा. तोही त्यांच्याकडंच पीएचडी करतो. मला मागं बसवलं होतं.

एका पाहुण्यानं विचारलं, "अरुंद जागेच्या पुढं रक्त उलटं का फिरतंय?"

भाचा म्हणाला, "ती कॉम्प्युटरची चूक आहे."

मी उभी राहिले. "चूक नाही सर. तिथं रक्त खरंच मागं वळतं. तिथंच गुठळी धरायचा धोका असतो."

सर माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू चहाचं बघ."

मी गेले. चहा आणला. सगळ्यांना दिला, भाच्यालाही. रडू आलं नाही, रागही आला नाही. अंग बधिर झालं होतं. पहिल्या दिवशी सरांनी आधी आडनाव विचारलं होतं, मग गाव, मग आई काय करते. विषय सगळ्यात शेवटी. तेव्हाच कळायला हवं होतं.

पाहुणे गेल्यावर त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. "ते उलटं फिरणं रिसर्च पेपरात नको. रक्तवाहिनीची भिंत गुळगुळीत करून टाक. नाव भाच्याचं राहील. तुझे आभार मानू."

मी "हो सर" म्हणाले. सवयीनं.

भिंत गुळगुळीत केली की अरुंद जागा रुंदावते, रक्त सरळ वाहतं. चित्र देखणं दिसतं. फक्त ती त्या माणसाची रक्तवाहिनी राहत नाही.

रविवारी घरी गेले. आई नळ्या वळत बसली होती. तिला सगळं सांगितलं, चहाचंही. तिनं हातातली एक नळी दाबून बघितली आणि बाजूला टाकली.

"काय झालं तिला?" मी विचारलं.

"सैल हाय. असली नळी म्या पुढं देत न्हाय. लावणाऱ्याचा हात जातो." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आन तू व्हय कशाला म्हनलीस?"

सोमवारी सरांच्या केबिनमध्ये उभी राहिले. "भिंत मी गुळगुळीत करणार नाही. काम माझं आहे, नावही माझंच लागेल."

"मग डिग्री विसर," सर म्हणाले.

त्याच दिवशी विद्यापीठाकडं लेखी तक्रार दिली. आठ महिन्यांच्या फायली तारखांसकट जोडल्या. गाइड बदलून मागितला. उत्तर अजून आलेलं नाही. कॉलेजात माझ्याशी कुणी बोलत नाही. जिंकल्यासारखं वाटत नाही, खरं तर काहीच वाटत नाही.

तक्रार फेटाळली तर दुसरी देईन. डिग्री गेली तर जाऊ दे. खोटी रक्तवाहिनी माझ्या हातून होणार नाही, आणि खरी दुसऱ्याच्या नावावर जाऊ देणार नाही.