मुदतीच्या आत

माझ्या बायकोच्या मामांइतका मुदतीला घाबरणारा माणूस अख्ख्या कल्याण-डोंबिवलीत सापडणार नाही. मरणाला ते घाबरत नाहीत, मामींनाही फारसे नाही; पण बिस्किटांच्या पुड्यावरची बारीक तारीख वाचता आली नाही, तर पुडा न फोडता परत करतात. लाईटबिल आलं त्याच दिवशी भरतात. आमच्या लग्नाचा आहेर त्यांनी साखरपुड्यालाच देऊन टाकला होता, "मागाहून राहून जातं" म्हणून. अशा माणसाने आपल्या बालमित्रावर दावा लावला, त्याची गिरणी लिलावात काढली आणि हे सगळं चालू असताना त्याच मित्राच्या घरची लसणाची चटणी मिटक्या मारत खाल्ली. हे प्रकरण मी पहिल्यापासून पाहिलं आहे आणि मला ते अजूनही कळलेलं नाही.

हे मित्र म्हणजे कोपरचे गिरणीवाले काका. निवृत्त झाल्यावर मामांनी फंडाचे पैसे काकांना गिरणी वाढवायला दिले, काकांनी रीतसर गाळा गहाण लिहून दिला. पुढे लोक पिशवीतलं तयार पीठ आणू लागले, मसाल्याचं नवं यंत्र गंजत पडलं आणि पैसे काही फिटेनात. मामांनी चकार शब्द काढला नाही. काढला तो काकांनीच. एका संध्याकाळी मामांच्या गॅलरीत चहा पिता पिता ते म्हणाले, "अरे, दाव्याची मुदत जाईल तुझी. टाक केस."

"तुझ्यावर?" मामांनी विचारलं.

"मग काय शेजाऱ्यावर टाकणार? पैसे मी घेतलेत."

मुदत हा शब्द एकदा कानावर पडल्यावर मामांना चैन पडणं शक्यच नव्हतं. दावा दाखल झाला. पुढची कित्येक वर्षं दर तारखेला वादी आणि प्रतिवादी एकाच रिक्षाने कल्याणच्या कोर्टात जात, कारण वेगवेगळं जाणं म्हणजे उधळपट्टी, असं दोघांचंही ठाम मत होतं. दुपारी कोर्टाबाहेरच्या बाकावर एकच डबा उघडायचा. पोळी-भाजी मामींची, चटणी काकांकडची. मामांचे वकील एकदा वैतागून म्हणाले, "निदान माझ्यादेखत तरी त्यांच्याशी बोलू नका हो." तेव्हापासून वकील दिसले की दोघे एकमेकांकडे पाठ करून बसायचे आणि डबा पाठीमागून सरकवायचे. निकाल मामांच्या बाजूने लागला तेव्हा पेढे काकांनी आणले. पेढा हातात धरून मी कितीतरी वेळ उभा होतो. अभिनंदन कोणाचं करायचं आणि समजूत कोणाची काढायची, तेच मला ठरवता येईना.

कोर्टाने घालून दिलेल्या दिवसांत काकांना पैसे भरता आले नाहीत. आता गाळा विकून वसुली करायची, तर त्यासाठी कोर्टात दरखास्त करायला हवी होती. मामा "बघू, बघू" म्हणत राहिले. शेवटी वकिलांनी सांगितलं, की दरखास्तीलाही मुदत असते. मामांनी त्याच आठवड्यात सही केली.

लिलावाची नोटीस गाळ्यावर चिकटवायची आणि तिथेच दवंडी पिटायची, असा नियम. "वाजवणारा माणूस तुम्ही आणायचा," असं कोर्टाच्या बेलीफने मामांना बजावलं. मामांना वाजवणारा कुठून मिळणार? तोही काकांनीच आणला. तो हळदीला वाजवणारा होता आणि त्याला हळदीचाच ठेका येत होता. दळणाचे डबे घेऊन आलेल्या बायका थबकल्या. एकीने विचारलं, "कोणाची हळद, काका?"

"गिरणीची, वहिनी. सासरी चाललीय," काका म्हणाले.

तेवढ्यात बेलीफच्या लक्षात आलं, की गोंद ऑफिसातच राहिला. काका आत गेले, चिमटीभर कणीक पाण्यात शिजवून त्यांनी खळ करून आणली आणि स्वतःच्या गिरणीच्या लिलावाची नोटीस आपल्याच पिठाने दारावर लावून दिली. स्टूल मामांनी धरलं होतं. "डावी बाजू जरा खाली आलीय," मामा म्हणाले. काकांनी ती नीट केली.

गाळा गेला. तिथे आता मोबाईलचं दुकान आहे. मामांना त्यांचे पैसे मिळाले, उरलेले काकांना, आणि काका बाळकुमला मुलीकडे राहायला गेले. त्यानंतर दोघांची भेट नाही. आता तारीखच पडत नाही, तर भेटायचं तरी कशासाठी, हे मामांना सुचत नसावं. परवा मला बरोबर घेऊन ते वकिलांकडे गेले. टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "त्याला अपील करता येईल का हो? फी मी भरतो."

वकिलांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मामांकडे. "त्याची मुदत केव्हाच गेली, मामा."

मामांनी मान डोलावली. जिना उतरताना मला राहवलं नाही. म्हटलं, "मामा, अशीच रिक्षा करून बाळकुमला जाऊया का?"

मामा पायरीवर थांबले. "जाऊ रे कधीतरी," ते म्हणाले. "भेटायला थोडीच मुदत असते?"

मामा पंचाहत्तरीचे आणि काका त्यांच्याच वर्गातले. त्या जिन्यात मुदतीला पहिल्यांदा मी घाबरलो.