थांबायचं न्हाई!

धनाजी माझा धाकटा भाऊ. मिल्ट्रीतनं हवालदार हून पेन्शनीवर आला, पन मिल्ट्री काय त्याच्यातनं भाईर आली न्हाई. मेढ्याजवळच्या आमच्या गावात पोरापोरींना भरतीसाठी टेकडीवर पळवायचा. गळ्यात शिट्टी, हातात काठी. एक पैसा घ्यायचा न्हाई, खोटं कशाला बोलू? पन तोंड म्हंजे नुसती तोफ!

त्याची एकुलती लेक दीपमाला. आई ल्हानपनीच गेली, मीच वाढवली तिला. तिला पोलीस करायचीच, ह्यो बापाचा हट्ट. आदी ती टेकडीवर सगळ्यांच्या म्होरं असायची. मग मागं पडाया लागली. मधीच छाती धरून उभी ऱ्हायची, तर ह्यो खालनं वरडायचा, "नखरे बंद! थांबायचं न्हाई!"

मी म्हनलं, "आरं, तोंड बघ पोरीचं. पांढरंफटक पडलंय."

"आक्का, तू चुलीकडं बघ."

आस्सा राग आला मला! पन पोरगी बापाच्या धाकानं पळतच ऱ्हायली, आन एक दिस टेकडीवरच बेशुद्ध पडली.

साताऱ्यातनं तिला मोठ्या दवाखान्यात धाडलं. तितल्या डॉक्टरीणबाई म्हनल्या, रक्तवाहिन्यांना आतनं सूज येण्याचा आजार हाय. फुफ्फुसाकडं रक्त नेणाऱ्या वाहिन्या चिंचोळ्या झाल्यात, काळजावर लय ताण पडतोय. वाचंल का, ह्ये त्यांनाबी सांगता येईना.

"कवापास्नं दम लागतोय गं?" त्यांनी इचारलं. धनाजीच म्हनला, "मी पळवत हुतो, बाई. वर शिव्या घालत हुतो." आन सगळ्यांदेखत ढसाढसा रडला.

आदी औषधांनी सूज उतरवली. मग मांडीच्या शिरेतनं बारीक नळी घातली, ती काळजातनं थेट फुफ्फुसाच्या वाहिनीत. नळीच्या टोकाचा फुगा फुगवून अरुंद जागा रुंद केली. टप्प्याटप्प्यानं करत्यात, एकदम जोरात रक्त आत गेलं तर फुफ्फुसात पाणी हुतंय म्हनं. दर खेपेला धनाजी दाराशी ताटकळत उभा. बाकडं रिकामं असलं तरी बसायचा न्हाई.

"बस की रं," मी म्हनायची.

"तिला कवा बसू दिलं हुतं मी?"

खरंच हुतं ते.

शेवटच्या खेपेनंतर डॉक्टरीणबाईंनी तिला व्हरांड्यात चालाया लावलं. "दम लागला की थांबायचं हं," म्हनल्या. पोरगी झपाझपा निघाली. तोंडावर रंग आलेला बघून माझा जीव भांड्यात पडला. परतताना मातुर पावलं जरा जड झाली. थांबावं वाटत हुतं तिला, दिसत हुतं. पन थांबली न्हाई. भेदरून आदी बापाकडं बघितलं.

धनाजीला ते कळलं. इतकं दिस उभा ऱ्हायलेला गडी मटकन फरशीवर बसला. शेजारची जागा हातानं झाडली आन म्हनला, "ये पोरी. दमलो मी. जरा बसू दोघं."