मधली बाई

माझी मावशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. ‘नोकरीला होती’ असं घरात कुणी म्हणत नसे. नुसतं ‘एक्स्चेंजमध्ये होती’, जसं कुणी सासरी असतं.

लांबलचक खोली, उंच लाकडी बोर्ड, आणि त्याच्यापुढे ओळीनं बसलेल्या बायका. या भोकातली दोरी त्या भोकात खोचली की दोन घरं बोलू लागत. जोडणी नीट झाली का ते बघायला खटका दाबून क्षणभर ऐकावं लागे. तो क्षण किती लांबवायचा, हे जिच्या तिच्या स्वभावावर. मावशीचा स्वभाव चौकस.

“कुणाचं जमतंय, कुणाचं फिसकटतंय, घरच्यांच्या आधी आम्हाला,” ती सांगते, आणि सांगताना तिचे हात अजून हवेत दोऱ्या ओढतात. “पण कान उघडे, तोंड बंद. एक शब्द बाहेर जायचा नाही.”

ती खोली मी पाहिलेली नाही. तरीही दुपारचं ऊन पितळी भोकांवरून सरकताना मला दिसतं. बायका एकमेकींचा डबा खाताना दिसतात, आणि घंटी वाजली की घास गिळून एकदम गोड आवाजात बोलू लागलेली मावशी दिसते. पुढे यंत्रं आली, दोऱ्या गेल्या, मावशी निवृत्त झाली. एक खात्री मात्र तिच्याबरोबर घरी आली: दोन माणसं बोलतात तेव्हा मध्ये कुणीतरी बसलेलं असतंच.

त्यामुळे, फोनची ये-जा दुसऱ्या देशातून वळवून मधल्यापासून लपवणाऱ्या व्हीपीएनबद्दल कुठंतरी वाचल्यावर तिनं ते मला न विचारता फोनमध्ये घालून घेतलं. वर यादीतला सगळ्यात लांबचा देश निवडला.

“इतका लांबचा का?” मी विचारलं.

“लांबच्या ट्रंक कॉलला खरखर इतकी असायची, की ऐकणारीला कंटाळा यायचा. लांब तेवढं सुरक्षित.”

त्या दिवसापासून मावशी घरातल्या खुर्चीत बसून परदेशात राहू लागली. बाहेर रखरखीत ऊन असताना फोन तिला बर्फ पडणार म्हणून बजावी. जाहिराती भलत्याच लिपीत येत. बँकेच्या अ‍ॅपला ती तीच आहे हे पटेना, त्यानं दार लावून घेतलं. जी साइट उघडावी ती आधी ‘माणूसच ना?’ म्हणून सिग्नलची चित्रं ओळखायला लावी. फोन दुपारपर्यंत मान टाके.

“पडदा लावला की खोलीत अंधार व्हायचाच,” मावशी म्हणे. तिची काही तक्रार नव्हती.

अडलं ते ताईपाशी.

ताई म्हणजे तिची थोरली बहीण, दूर दुसऱ्या शहरात एकटी राहणारी. तिचे कान जवळजवळ गेलेत. यंत्र लावलं की डोकं दुखतं, म्हणून ती व्हिडिओ कॉलवर समोरच्याचे ओठ वाचते. दर रविवारी सकाळी दोघींच्या गप्पा चालत. एकीचं बोलणं, दुसरीचं बघणं. पण आता चित्र अडकत अडकत पोचे. मावशी ‘मा’ म्हणताना थिजे ती थेट पुढच्या वाक्यात जागी होई. मधले ओठ वाटेतच सांडत.

ताई मानी. समजत नाही असं सांगायची नाही. नुसती मान हलवायची.

एका रविवारी मी तिथंच बसले होते. मावशी हळूच म्हणाली, “ताई, डॉक्टर म्हणतायत गुडघा उघडावा लागेल.”

“वा, छान,” ताई हसून म्हणाली. मग म्हणाली, “ठेवते हं, डोळे दुखतात अलीकडे.” त्यानंतरचे दोन रविवार तिनं फोन उचलला नाही.

मावशी मात्र रविवारी सकाळी केस विंचरून फोनसमोर बसून राही.

मी तिला समजावलं. “तुझं चित्र आधी त्या बर्फाच्या देशात जातं, मग ताईमावशीकडे. उशीर होणारच. आणि फुकटची कंपनी आहे ती. तुझा फोन कुठं कुठं जातो, हे आता तिला दिसतं.”

“म्हणजे मधली बाई गेली नाही?”

“नाही. फक्त बदलली.”

“माझ्यासारखी असेल तर बरं,” ती म्हणाली.

“आणि कॉलला स्वतःचं कुलूप असतं, मावशी. मधल्याला ऐकू येत नाही.”

“असं आम्हीही लोकांना सांगायचो,” ती म्हणाली. पण फोन माझ्यापुढे सरकवला. “काढ ते.”

ताईला मी निरोप लिहून पाठवला, एकदा तरी उचल म्हणून. तिनं उचलला. चित्र स्वच्छ होतं.

मग मावशी बोलू लागली, आणि मला काहीच ऐकू येईना. मला वाटलं, पुन्हा बिघडलं. पण मी तर तिच्या शेजारीच बसले होते. मावशी आवाज न काढता बोलत होती. फक्त ओठ, सावकाश, एकेक शब्द पुरा करत. मधल्या कुठल्याही बाईला, मलासुद्धा, त्यात शिरायला फट नव्हती. बोलता बोलता तिनं पदरानं डोळे टिपले.

पलीकडून ताई मात्र कान गेलेल्या माणसासारखी खणखणीत बोलली.

“अगं वेडे, घाबरतेस कशाला? मी येते ना. ऑपरेशन झाल्यावर चांगली महिनाभर छळते तुला.”